मी दाखवलेली छावणी

मित्रांनो, पाठीला भलंमोठं कुबड, पुढे फुगीर काच आणि डोक्यावर धुळीचा थर, असा मी एक जुना टीव्ही. माझा जन्म कारखान्यात झाला. निळ्या झग्यातल्या बायकांनी माझ्या पोटात बारीक तारा जोडल्या, मला एकदा चालू करून पाहिलं आणि खोक्यात घातलं. खोकं उघडलं ते थेट या घरात. तेव्हा माझा काय थाट होता म्हणून सांगू! शेजारीपाजारी आपापल्या खुर्च्या घेऊन यायचे. पुढे भिंतीला चिकटणारे सडपातळ टीव्ही निघाले आणि माझ्या कुबडाची घरच्यांना लाज वाटू लागली. सूनबाईंनी मला भंगारात द्यायचं जवळजवळ ठरवलंच होतं. "राहू दे गं त्याला. मला त्याच्यावरच नीट दिसतं," असं म्हणून आजोबांनी मला वाचवलं.

माझी एक गंमत तुम्हाला ठाऊक नसेल. मी जे दाखवतो ते मला ऐकू येतं, पण दिसत मात्र नाही. मला दिसतात ती बघणाऱ्यांची तोंडं. त्यामुळे लोकांना वाटतं ते मला बघतात, आणि बघत असतो मी.

गेल्या हिवाळ्यात एक मालिका सुरू झाली. जुन्या युद्धाच्या वेळची छावणी म्हणे पुन्हा जशीच्या तशी उभी केली होती. आजकालची वीस पोरं तिथे राहायला गेली होती आणि त्यांना त्या काळातल्या भरती झालेल्या पोरांसारखंच राबवत होते. डोकी भादरायची, चिखलात सरपटायचं, आणि वर एका प्रशिक्षकाचा खडा आवाज. नातीनं पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं, गुरगुऱ्या.

घरात नुसता गोंधळ असायचा. शेजारचे शिंपीकाका मांडीवर थाप मारून म्हणायचे, "असंच पाहिजे! सुतासारखी सरळ होतील कार्टी." सूनबाई तडकायच्या, "कुणाच्या तरी पोटची पोरं आहेत ती. त्या मेल्याच्या जिभेला काही हाड आहे की नाही?" नातीचे पप्पा तर गुरगुऱ्याची नक्कल करून तिला अंघोळीला पिटाळायचे. नातीचा जीव मात्र एका चष्मेवाल्या पोरावर होता. तो सगळ्यात मागे पडायचा आणि सगळ्यात जास्त बोलणी खायचा. ती आजोबांच्या कुशीत शिरून गुरगुऱ्याला दात-ओठ खात शिव्या द्यायची.

आजोबा काहीच बोलत नसत. तरुणपणी तेही अशाच छावणीत होते, एवढंच घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यापुढे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. भाजी फार झटपट चिरतात, म्हणजे तिथे स्वयंपाकी असणार, असं घरानं आपलं ठरवून टाकलं होतं.

एका संध्याकाळी चष्मेवाला काटेरी तारेखालून सरपटत होता, हे मला निवेदकाच्या बोलण्यावरून कळलं. आणि एकदम आजोबा ओरडले, "डोकं खाली! खाली ठेव डोकं, गाढवा!"

मित्रांनो, माझ्या काचेला थरथर सुटली. तो आवाज हुबेहूब गुरगुऱ्याचा होता. शिंपीकाकांच्या हातातला कप तोंडाशी तसाच राहिला.

"आजोबा, तुम्ही त्याच्यासारखं ओरडलात," नात म्हणाली.

"मी तेच काम करायचो, बाळ."

"मुलांना रडवायचात?"

"हो," आजोबा म्हणाले.

नात उठली आणि आईशेजारी जाऊन बसली. सूनबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस आपण कुणाला नावं ठेवत होतो, ते त्यांना आता कळलं होतं. त्यांनी नातीला हळूच आजोबांकडे ढकलून पाहिलं. ती हलली नाही. पुढच्या भागांनाही ती लांबच बसली. आजोबा आपल्या बाजूची उशी सरकवून तिच्यासाठी जागा करून ठेवायचे आणि मालिका संपली की उशी परत ओढून घ्यायचे. मला ते बघवत नसे. पण डोळे मिटायची सोय आमच्यात नाही.

शेवटच्या भागात पोरांचं प्रशिक्षण संपलं. ट्रक सुरू झाल्याचा आवाज मला ऐकू आला. पोरं गात होती, शिट्ट्या मारत होती. चष्मेवाला टिकला म्हणून शिंपीकाका टाळ्या वाजवू लागले. सगळ्यांची तोंडं हसरी होती. फक्त आजोबांचे ओठ हलत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्याखेरीज ते एकटीलाच दिसलं. नातीला.

ती जवळ आली. "आजोबा, रडताय कशाला? ते घरी चाललेत ना!"

"आमचा ट्रक घरी गेला नव्हता, बाळ. लढाईवर गेला होता."

"मग तुम्ही काय पुटपुटताय?"

"त्यांची नावं." आजोबांनी डोळे पुसले. "डोकं वर काढलं की गोळी लागायची. गोडीगुलाबीनं शिकवायला वेळच नव्हता गं. शिकली पोरं. पण तरी सगळी परत नाही आली."

नात माझ्यापाशी आली आणि माझं आवाजाचं बटण पार खाली फिरवलं. मग आजोबांना खेटून बसली आणि म्हणाली, "मोठ्यानं सांगा. मला पण ऐकायचीत."

मित्रांनो, बोलणं हा माझा जन्मभराचा धंदा. भर कार्यक्रमात माझं तोंड बंद केलं की मला फार झोंबतं. त्या दिवशी मात्र नाही झोंबलं. आजोबा एकेक नाव घेत होते, कोण कुठला, कोणाला कशाची भीती वाटायची ते सांगत होते, आणि मी मुकाट्यानं उजेड देत होतो.

माझी धूळ पुसली नाहीत तरी मी रागावणार नाही. पण घरात कुणाचे ओठ असे हलताना दिसले, तर आधी माझा आवाज बंद करा.