मावशीच्या टोपलीतली काजं

शिवणखोलीत दिवसाला तीस सदऱ्यांची काजं हातानं करायची असत. जिचे तीस भरत नसत तिला मुकादम घरचा रस्ता दाखवी. थोरलीचे पस्तीस व्हायचे. चार भावंडांत थोरली, म्हणून इथेही तेच नाव चिकटलं होतं. "ज्याचं त्यानं करावं," असं ती येता-जाता ऐकवायची.

खोलीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या मावशीचा हात महिनाभर थरथरत होता, तरी तयार सदऱ्यांची टोपली रोज भरलेली. थोरलीला टाक्यावरून प्रत्येकीचा हात ओळखू येई. मावशीच्या टोपलीत निदान पाच जणींचे हात होते. तिनं ते मुकादमाच्या कानावर घातलं. वाकडं मनात नव्हतं हो, खरं ते सांगितलं. खरं सांगायची हौस असते एकेकाला.

मुकादमानं टोपली टेबलावर उपडी केली.

"माझे अकराच," मावशी म्हणाली.

"बाकीचे कुणाचे? उभ्या राहा."

आधी शेजारची जाडी उठली. मग स्टुलं सरकत गेली आणि अख्खी खोली उभी राहिली. मांडीवर सदरा घेऊन थोरली तेवढी बसलेली.

"तूही ऊठ की," जाडी पुटपुटली.

"मी कुठे दिलेत?"

"घेतलेस तर. आई चार महिने अंथरुणाला खिळली होती तेव्हा दुपारभर पेंगायचीस. तीस कसे भरायचे गं? झोपेत हात चालायचा?"

थोरलीला खरंच तसं वाटत आलं होतं. ते चार महिने कसे निभावले, हे ती चारचौघांत मिरवायचीसुद्धा. दुसऱ्यांच्या टोपल्या तपासणाऱ्या बाईनं स्वतःची कधी उलथून पाहिली नव्हती.

"कुणी भरले?" थोरलीनं विचारलं.

"सगळ्यांनी. जास्त मावशीनं."

मुकादमानं उभ्या बायकांवर नजर फिरवली. सगळ्यांना काढलं तर काजं त्यालाच करावी लागली असती. "बसा कामाला," म्हणून तो बाहेर गेला.

सगळ्या बसल्या. थोरली उठली ती तेव्हा. आता कशाला उभी आहे हे तिला सांगता येईना आणि बसायलाही जीव होईना.

"उजेड अडवू नकोस," मावशी म्हणाली. "बस, आणि एवढी सुई ओवून दे."

थोरलीनं दोरा ओला केला. तीनदा नेम धरला, तिन्ही वेळा तो सुईच्या बाजूनं गेला. मावशी हात पुढे करून थांबली होती. थोरलीनं काही मान वर केली नाही.