अस्वलाच्या पोटातलं औषध

साहेबांना नाही म्हणवेना, म्हणून ऑफिसच्या सहलीला ती दोन वर्षांच्या लेकीला काखोटीला मारून आली. नवरा आजारी सासऱ्यांपाशी थांबला.

तलावाकाठी लेकीनं कापडी अस्वलाच्या पोटाची चेन उघडली आणि रक्तदाबाच्या गोळ्या घरंगळल्या. चांगल्या अकरा.

"अस्वलाला ताप. आजोबा गोळी देतात."

रोज कानाला फोन लावून ती सासऱ्यांच्या तळहातावर गोळी ठेवायची, कागदावर ऐटीत खूण करायची आणि कामावर पळायची. रक्तदाब उतरेना, म्हणून कालच डॉक्टरांनी डोस तिप्पट केला होता.

तिनं घरी फोन लावला.

"समोर बसून गिळायला लावल्या," नवरा म्हणाला. "तिन्ही. तू निवांत राहा."