बयाबाईची शीर आणि मी

मित्रांनो, मला बघून हसू नका. मी एक जुनी काचेची सिरिंज आहे, जाडजूड आणि जराशी गर्विष्ठ. गर्व का नसावा? माझ्या नळीवर आणि दट्ट्यावर एकच नंबर कोरलेला आहे, कारण दुसऱ्या कुणाचा दट्ट्या मला चालतच नाही! मी विलायतेहून बोटीने मुंबईला आले, रेल्वेने सांगलीला आले आणि गंगाधर डॉक्टरांच्या दहा खाटांच्या दवाखान्यात कामाला लागले. तिथल्या नर्स उमाताई मला रोज सकाळी उकळत्या पाण्यात घालत. आधी क्विनीन, मग पेनिसिलीन, काय काय म्हणून मी टोचले नाही! तालमीतले पैलवानसुद्धा मला बघून डोळे गच्च मिटायचे. मला भारी गंमत वाटायची.

पण माझा खरा पराक्रम १९४९ सालचा. त्या वर्षी माणदेशातून तात्याबा नावाचा मेंढपाळ आपल्या बायकोला, बयाबाईला, सर्व्हिस मोटारीने घेऊन आला. बयाबाईच्या गळ्याभोवती गाठीच गाठी होत्या. भाकरीचा तुकडा घशाखाली उतरत नव्हता. आडवी झाली की श्वास कोंडायचा, म्हणून ती बसूनच झोपायची.

"कधीपासून आहे हे?" डॉक्टरांनी विचारले.

"आवं, लय दिस झालं," तात्याबा म्हणाला. "हिनं पदराखाली झाकून ठिवलं. आमाला पत्ताच न्हाई."

"मेंढरं सोडून कवा येनार?" बयाबाई पुटपुटली.

डॉक्टरांनी गाठीचा तुकडा तपासायला मुंबईला पाठवला. उत्तर आले, कॅन्सर. पण त्यांच्या तिथल्या मित्राने सोबत एका नव्या औषधाच्या चार कुप्या धाडल्या होत्या. चार दिवस, रोज एक. पाचवी इतक्यात कुठेच मिळणार नव्हती.

"हे औषध म्हणजे विषच आहे," डॉक्टरांनी समजावले. "शिरेत गेलं तर गाठींना मारेल. शिरेबाहेर सांडलं तर मांस जाळेल."

"इख व्हय? मग घाला त्या गाठींच्या तोंडात!" तात्याबा म्हणाला.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी मिठाच्या पाण्याची बाटली उंच टांगली. तिची रबरी नळी सुईने बयाबाईच्या डाव्या हाताच्या शिरेला जोडली. पाणी थेंब थेंब नीट जाऊ लागले. मग हातमोजे घालून त्यांनी कुपीतली पूड विरघळवली आणि ते औषध माझ्या पोटात भरले. आता मला त्या वाहत्या नळीत रिकामे व्हायचे होते, तेही लगेच. विरघळल्यावर या औषधाचा जोर मिनिटामिनिटाला ओसरतो.

आणि नेमके तेव्हाच बयाबाईने काय करावे? मला जवळ आलेली बघून तिने भक्तिभावाने दोन्ही हात जोडले!

"अगं बाई!" उमाताई ओरडल्या. सुई शिरेतून निसटली होती आणि हात टम्म फुगला होता. नशीब, आत फक्त मिठाचे पाणी गेले होते.

डॉक्टरांनी उजवा हात धरला. मनगटापासून कोपरापर्यंत नुसते हिरवेगार गोंदण! त्यात शीर दिसणार कशी? उपाशी अंगातल्या शिरा तर पार आटलेल्या. एकदा टोचले, दुसऱ्यांदा टोचले, छे! डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. माझ्या पोटात औषध वाया चालले होते आणि मला काहीच करता येत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा मी घाबरले.

"सायेब, मी बगू का?" तात्याबा पुढे झाला. "आजारी मेंढराचं रगात काडतो आमी. लोकरीखालची शीर बोटाला घावती माज्या."

डॉक्टर मोठ्या पदव्यांचा माणूस. तरी त्यांनी सरकून त्याला जागा करून दिली. "हात धुऊन या. पळा!"

तात्याबाने डोळे मिटले. त्याचे बोट गोंदणावरून हळूहळू सरकले आणि थांबले. "हितं. खोल हाय, पर हाय."

डॉक्टरांनी बरोब्बर तिथे सुई घातली आणि लाल रक्त डोकावले! पाणी पुन्हा वाहू लागले. उमाताईंनी तो हात फळीला करकचून बांधला. मग माझी सुई रबरी नळीत शिरली आणि मी शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी झाले.

"आता तरी हात जोडू का?" बयाबाईने विचारले.

"डोळ्यांनी जोड!" उमाताई म्हणाल्या आणि सगळे हसले.

त्या रात्री औषधाने बयाबाई ओकून ओकून बेजार झाली. तात्याबा तिची पाठ चोळत बसला. तरी चारही दिवस त्याने शीर शोधली आणि मी औषध दिले. आठवड्याभरात गाठी मऊ पडल्या, मग दिसेनाशा झाल्या. बयाबाई उताणी, पाय पसरून, चक्क घोरत झोपली!

दहाव्या दिवशी उमाताईंनी भाकरी दुधात कुस्करायला घेतली. "ऱ्हाऊ द्या, कोरडीच द्या," बयाबाई म्हणाली. तिने घास चावला. आम्ही सगळे तिच्या गळ्याकडे बघत होतो.

"उतरली!" ती म्हणाली. तात्याबा लहान मुलासारखा रडला.

निघताना डॉक्टरांनी खरे ते सांगितले. "हा रोग पुन्हा डोकं वर काढू शकतो. काढला तर ताबडतोब या. औषध मी मिळवतो."

"काडू द्या की," तात्याबा म्हणाला. "शीर ठाव हाय मला आता!"

मित्रांनो, अंगावर कुठे गाठ दिसली तर लाजू नका, लपवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तुम्ही फक्त वेळेवर या, पुढचे आम्ही बघून घेऊ!