आमचे हे येतात

दुकानाची पाटी माझ्या नावाची आहे, पण गिऱ्हाईक यायचं ते बायकोच्या एका ओळीमुळे. मी कुलूपवाला. किल्ल्या करून देतो, अडलेली दारं उघडतो. आठ वर्षांपूर्वी तिने ओट्याशी उभ्या उभ्या फोनवरून जाहिरात दिली. कुणी फोनवर कुलूपवाला शोधायला लागलं की सगळ्यात वर आमची ओळ दिसायची : 'कुलूप अडलं? घाबरू नका, आमचे हे येतात.' दुकानाच्या नावाच्या रकान्यातही तिने 'आमचे हे' असंच लिहिलं होतं. तिने मला कधी नावाने हाक मारली नाही, मग फॉर्मपुढे कशी मारणार?

मागच्या वर्षी ती गेली. ओळ राहिली. कुणी त्या ओळीवर बोट ठेवलं की शोधून देणाऱ्या कंपनीला आमचे पैसे जायचे आणि मला फोन यायचा. माणसं हसतच बोलायची. "ते 'हे' म्हणजे तुम्हीच का?" मला बरं वाटायचं. तिचं वाक्य अजून कुणीतरी वाचतंय, एवढंच.

मग फोन कमी झाले. एका आठवड्यात तर एकच आला, तोही राँग नंबर.

मुलगी त्याच कंपनीत जाहिराती विकायच्या कामावर आहे. रविवारी आली तेव्हा तिला म्हटलं, "तुमचं मशीन बिघडलंय का बघ."

"मशीन ठणठणीत आहे, बाबा. लोक बदललेत. आता टाईप कोण करतंय? घरातल्या त्या बोलक्या डबीला विचारतात. फोनवर दहा नावं दिसायची, त्यातल्या वरच्या जागा आम्ही विकायचो. डबी एकच नाव सांगते आणि गप्प बसते. जाहिरात चिकटवायची कुठे, तिच्या कपाळावर?"

"मग तुमच्या साहेबांचं कसं?"

"साहेब रोज मीटिंग घेतात. मीटिंगमध्ये बिस्किटं असायची, तीही बंद झाली."

मी हसलो. ती नाही हसली. म्हणाली, "बाबा, आपणही ती जाहिरात बंद करू. डबीवाल्यांच्या यादीत नाव घालू, ते फुकट आहे."

"आईची ओळ आहे ती."

"माहितीये मला."

"ती काढली तर तिचं बोलणं कुठेच उरणार नाही."

तिने लॅपटॉप उघडला. म्हणाली, "जुनी राहू दे सध्या. नवीन यादीत नाव काय घालू?"

"आमचे हे."

"अहो बाबा, असं कोण विचारणार डबीला?"

"आईने लिहिलं तेच लिही. खाली ओळही घाल."

"घातली. तुमच्यापुढे कोण बोलणार!"

तीन दिवस शुकशुकाट. चौथ्या दिवशी सकाळी एका बाईंचा फोन आला. "अहो, येताना दूध आणा."

"बाई, मी कुलूपवाला बोलतोय."

"अय्या! मी तर डबीला म्हटलं, आमच्या ह्यांना फोन लाव!"

दुपारपर्यंत असे पाच फोन झाले. एक बाई तर कडाडल्याच, "किती वेळ लावता हो?" मी सवयीने "निघालोच" म्हणून गेलो. मी कोण ते सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "कुलूपवाले? मग याच तुम्ही. बाल्कनीच्या दाराची कडी अडलीय. ह्यांना सांगून तीन महिने झाले."

मुलीला फोन करून सांगितलं, तर हसून हसून तिला ठसका लागला. "नाव बदलू का, बाबा?"

"खबरदार!"

"एक पैसा न भरता गिऱ्हाईक! आमच्या साहेबांच्या कानावर घालू नका, नाहीतर चहाही बंद होईल."

पिशवी घेऊन त्या बाईंकडे गेलो. डबी फडताळावर होती, मुठीएवढी. बाई म्हणाल्या, "थांबा, हिची गंमत दाखवते," आणि तिला म्हणाल्या, "कुलूप अडलंय गं."

डबी म्हणाली, "घाबरू नका, आमचे हे येतात."

आवाज तिचा नव्हता. तिचा जरा घोगरा होता. पण 'घाबरू नका' म्हणून डबी थांबली, तशीच ती थांबायची.

"परत म्हणायला सांगू?" बाईंनी विचारलं.

"नको. आधी कडी बघू."

कडीत रंगाचा पोपडा अडकला होता. पाच मिनिटांचं काम. जिना उतरता उतरता मुलीला फोन केला. "ती जुनी जाहिरात कर बंद."

"नक्की? मग रडत बसाल."

"नाही बसत. लोक आता वाचत नाहीत ना, ऐकतात. ते चाललंय की."

फोन ठेवतो तोच पुन्हा वाजला. अनोळखी नंबर, बाईचा आवाज. "अहो, ऐकलं का?"

"ऐकतोय," मी म्हटलं. "बोला."