माइकजवळचा माणूस

म्हाताऱ्याला म्हातारा हे नाव पडलं तेव्हा तो जेमतेम पंचविशीत होता. ऑर्गनपुढे पाठीत वाकून बसायचा, एकच गाणं वीस-वीस मिनिटं वाजवायचा, मध्येच ताल मोडून नवा धरायचा. ज्या संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात त्यातला हा वादक. नाव ठेवलं ते त्याच्या चाहत्यांनी, आणि त्या चाहत्यांच्या पहिल्या फळीत तिचे बाबा होते.

बाबा चष्म्याची भिंगं घासायचे. दिवसभर यंत्राशी मान खाली घालून काम, आणि संध्याकाळी म्हातारा. म्हाताऱ्याचा बँड फुटला, तो एकटा वाजवू लागला. पुढे कुणाच्या तरी नादी लागून त्याने नाचाची गाणी काढली, ती साफ आपटली. बाबांनी ती रेकॉर्डही घेतली. “वाईट आहे, पण त्याचीच आहे,” म्हणत वाया गेलेल्या पोराला सांभाळावं तशी सांभाळली. मग म्हाताऱ्याचे हात थरथरायला लागले, कार्यक्रम बंद झाले, आणि जुन्यापुराण्याचे दिवस आले. दरवर्षी जुन्या ध्वनिमुद्रणांची एक जाडजूड पेटी निघायची: तालमी, अर्धवट सोडलेली गाणी, कुठल्या कुठल्या सभागृहांतले कार्यक्रम.

“माणूस वाजवायचा थांबला तरी ह्यांचं संपेना,” आई म्हणायची. “एक गाणं लावलं की ते संपेपर्यंत माझं धुणं वाळतं.”

“हे तेच गाणं ना, बाबा?” ती विचारायची.

“तेच कसं? इथे ऑर्गन सुरू व्हायच्या आधी तो श्वास घेतो. ऐक.”

तिला तो श्वास कधीच ऐकू आला नाही. खरं तर तिने कधी कान देऊन ऐकलंच नाही.

दोन वर्षांपूर्वी घशाच्या शस्त्रक्रियेत बाबांचा आवाज गेला, आणि या हिवाळ्यात बाबा गेले. मधल्या काळात ते पाटीवर लिहून बोलायचे, अक्षर सुरेख, विनोद जुनेच. त्या धांदलीत कुणाच्या ध्यानातच आलं नाही की त्यांचा आवाज आता कुठेही उरलेला नाही. फोनवर निरोप ठेवायचा त्यांना संकोच वाटायचा. तिच्या लग्नाच्या चित्रणात ते येतात, नुसती मान हलवतात आणि बाजूला होतात. ते काय म्हणायचे ते तिला शब्दन् शब्द पाठ होतं; पण तो आवाज मात्र धुतल्या कपड्याच्या वासासारखा दिवसेंदिवस विरत चालला होता.

अशात म्हाताऱ्याच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचं काम बघणाऱ्या माणसाचा फोन आला. एका गाजलेल्या कार्यक्रमाच्या मूळ फिती ओलीने खराब झाल्या होत्या. तो कार्यक्रम बाबांनी प्रेक्षकांत बसून कॅसेटवर उतरवला होता, असं जुन्या चाहत्यांकडून त्याला कळलं होतं.

“तुमची परवानगी असेल तर या वर्षीच्या पेटीत घेऊ,” तो म्हणाला. “फक्त एक करा, कॅसेट वाजवू नका. जुनी फीत, कधी तुटेल सांगता येत नाही.”

“नाही वाजवत,” ती म्हणाली, आणि फोन ठेवून तडक कॅसेट-प्लेअर दुरुस्त करून आणायला गेली.

तिने ग्रंथालयातून रजा काढली. कपाटाच्या तळाशी बाबांच्या कॅसेटी बुटांच्या खोक्यांत रचून ठेवलेल्या होत्या, तरुणपणापासूनच्या. इतके कार्यक्रम, इतकी गर्दी; त्यात कुठेतरी बाबा एखादं वाक्य बोललेच असतील. निदान हसले असतील. दुपारभर कानांवर हेडफोन लावून ती बसायची. कुणी खोकलं की तिचा जीव गोळा व्हायचा. ती मागे नेऊन पुन्हा ऐकायची. खोकणारा भलताच निघायचा. एक बाई दर गाण्याला “देवा रे” म्हणायची. एकजण सतत शिट्ट्या मारायचा, आणि तो कोण हे सांगायची गरज नव्हती. बाबांच्या त्या मित्राला सगळं जग शिट्टी म्हणायचं.

“सापडले का?” आई दारातून विचारायची.

“नाही अजून.”

“जन्मभर भांडले मी ह्यांच्याशी,” आई एकदा म्हणाली. “आता वाटायला लागलंय, एकटीच बोलत होते की काय.”

फोनवाल्याने मागितलेली कॅसेट तिने सर्वांत शेवटी, भीत भीत लावली. तीही तशीच निघाली. तेव्हा तिने शिट्टीकाकांना बोलावलं.

काका आले, बाबांच्या खुर्चीकडे बघून दुसऱ्या खुर्चीत बसले. तिने सांगितलं ते ऐकून टक्कल खाजवू लागले.

“अगं, तो सापडायचा कसा?” ते म्हणाले. “माइक त्याच्या कॉलरीत असायचा. ज्याच्याकडे माइक, त्याने तोंड उघडायचं नाही, हा नियमच होता. टाळी नाही, गुणगुणणं नाही. खोकला येऊ नये म्हणून बिचारा गोळ्या चघळायचा. आम्ही बोंबलायचो, नाचायचो, आणि हा मध्ये खांब. हळू गाणं लागलं की श्वाससुद्धा रोखून धरायचा.”

“दर वेळी तेच का? तुम्ही कधी नाही घेतला माइक?”

“मागितला होता ना. म्हणाला, तुझ्या हाती माइक देणं म्हणजे मांजराला दूध राखायला बसवणं.”

काका हसले. मग हसणं तसंच तोंडावर राहिलं.

तिने त्या कॅसेटचा शेवट त्यांना ऐकवला. टाळ्यांचा कडकडाट, तो ओसरतो, खुर्च्या सरकतात. मग अगदी जवळून, तरुणपणीच्या शिट्टीकाकांचा आवाज: “काय रे, कसं झालं?” आणि लगेच खट्. बटण दाबल्याचा आवाज. पुढे नुसती खरखर.

“बटण दाबूनच बोलायचा तो,” काका हळूच म्हणाले.

“काय बोलले होते?”

काकांनी डोळे मिटले. ते खरंच आठवत होते. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले. ती श्वास रोखून बसली.

“नाही गं आठवत,” ते म्हणाले. “काहीतरी बोलला असेल. भूक लागली म्हणाला असेल.”

दुसऱ्या दिवशी तिने कॅसेट धाडली. काही आठवड्यांनी त्या माणसाचा फोन आला.

“असं ध्वनिमुद्रण विरळाच हो. इतकं स्वच्छ. गर्दीच्या शिट्ट्या येतात, पण माइकजवळ जणू कोणी नव्हतंच.”

“होतं,” ती म्हणाली. “शेवटी एकजण काहीतरी विचारतो, आणि बटणाचा खटका येतो. तेवढं ठेवता येईल का?”

“ते काढावंच लागतं. ऐकणाऱ्याचा रसभंग होतो. आम्ही टाळ्या हळूहळू विरवत नेतो.” त्याचा आवाज समजूतदार होता. “तुम्हाला खास तेच का हवंय?”

“काही नाही. सहज विचारलं,” ती म्हणाली. एका खटक्यासाठी अनोळखी माणसापुढे रडायचं तिला जमलं नाही.

पेटी आली. आतल्या पुस्तिकेत, आभारांच्या गर्दीत, बाबांचं नाव होतं. आईने त्यावर बोट फिरवत ते दोनदा वाचलं आणि पुस्तिका मांडीवर पालथी ठेवली. तिने शेवटचं गाणं लावलं. सभागृह निःशब्द झालं, आणि त्या शांततेत, ऑर्गन सुरू व्हायच्या आधी, म्हाताऱ्याने श्वास घेतला. अगदी स्पष्ट.

ती चटकन बाबांच्या खुर्चीकडे वळली.

“काय गं?” आईने विचारलं.

“काही नाही.”

गाणं लांब होतं. आईने धुण्याचं नाव काढलं नाही. दोघी ते संपेपर्यंत बसून राहिल्या. मग टाळ्या झाल्या, आणि दूर जात जात विरल्या, आणि खोलीत काहीच उरलं नाही.