अंगावरून जा, असं सांगणारी नळी

या मित्रांनो, जवळ सरकून बसा. माझ्या आयुष्यातले चौदा दिवस तुम्हांला सांगते.

मी एक जुनी रबरी नळी आहे. कारखान्यात घडले आणि सायकलमार्गावर आडवी पसरले. देवाने मला तोंड दिले नाही, श्वास तेवढा दिला. अंगावरून सायकल गेली की माझा श्वास कडेच्या पेटीत जाई आणि तिथे आकडा पडे. या मार्गाला सरकारी अनुदान होते. सात दिवसांत तीन हजार सायकली मोजल्या गेल्या नाहीत, तर अनुदान बंद होणार आणि इथे मोटारी उभ्या राहणार.

पहिल्याच सकाळी निवृत्त पोस्टमनकाका ओरडले, "अरे, थांबा! सरकारी वस्तू आहे ती. सायकल उचलून न्या!"

लोक भले. सगळे उतरून सायकली उचलू लागले. आतल्या आत माझा जीव तुटे. पण सांगणार कशी?

सातव्या दिवशी मोजणी कारकुनाने पेटी उघडली. "एकेचाळीस! इथे कुणी सायकल चालवतं की नाही?"

तेवढ्यात सायकलवरून एक नर्सबाई आणि त्यांची लेक आल्या. मोठ्या रस्त्यावर ट्रकखाली त्यांच्या नवऱ्याचा पाय गेला होता. हा मार्ग बंद झाला, तर लेकीला मागे बसवून त्यांना त्याच रस्त्याने जावे लागले असते. त्यांनी लेकीला उतरवले आणि सायकल उचलली.

"बाई, हे काय चाललंय?"

"नळी जपतोय, साहेब. सगळेच जपतात."

कारकुनाने कपाळाला हात लावला. "अहो, जपता जपता रस्ता घालवाल!"

त्याने वरच्या साहेबांना गळ घालून आणखी सात दिवस मिळवले. "पण दुसरी नळी नाही. ही फुटली की मोजणी संपली."

आता काका भर उन्हात उभे राहून हाका मारू लागले, "या, खुशाल घाला चाक!"

शेवटच्या दुपारी मला चीर पडली. श्वास बाहेरच निसटू लागला. पेटी दोन हजार नऊशे ऐंशीवर अडली. नर्सबाई रस्त्यात बसल्या आणि पिशवीतून पंक्चरचे सामान काढले.

"आई, तुला कामाला उशीर होतोय ना?"

"होऊ दे. तू हे टोक घट्ट धर."

ठिगळ बसले. "आता हळू, एकेक जण," कारकून पुटपुटला. सायकली येत गेल्या. प्रत्येक चाकागणिक मला वाटे, आता सुटले ठिगळ! संध्याकाळी पाचला त्याने पेटी उघडली. तीन हजार सात.

मार्ग राहिला. मी मात्र कोठारात धूळ खात पडले आहे. माझे काही म्हणणे नाही. एवढेच मागते मित्रांनो, वस्तू जपताना ती कशासाठी आहे हे आधी विचारा. आणि त्या कारकुनाची आठवण ठेवा. हातात आकडा असूनही त्याने समोरच्या बाईला विचारले.