भोंगाताईचा आवाज

“धरणाचे दरवाजे उघडले आहेत. नदीकाठच्या रहिवाशांनी ताबडतोब टेकडीवरच्या शाळेत जावं.”

तिने माईक बंद केला आणि पूर नियंत्रण कक्षाच्या खिडकीत येऊन उभी राहिली. खाली नदीला लागून असलेल्या गल्लीत तिचा आवाज अजून भिंतींवर आपटून घुमत होता. गल्ली मात्र ढिम्म हलली नव्हती. लॉन्ड्रीवाला दोरीवर चादरी वाळत घालत होता. ओट्यावर दोन बायका गप्पा मारत बसल्या होत्या; त्यांतल्या एकीने खांबावरच्या भोंग्याकडे बघून हात उडवला आणि दुसरी खुदकन हसली.

आकाश लख्ख होतं. पाऊस कोसळत होता तो वर, डोंगरात.

“पुन्हा सांगा,” कक्षाचे साहेब म्हणाले.

तिने पुन्हा सांगितलं. कुणी मान वर करूनही पाहिलं नाही.

ऐन तारुण्यात ती या कक्षात नोकरीला लागली होती. तेव्हापासून दर पुराच्या वेळी तिने बोलावं आणि लोकांनी हातातलं टाकून निघावं, असंच चालत आलं होतं. तिचं खरं नाव सगळे विसरले; उरलं ते भोंगाताई. बाजारात कुणी तशी हाक मारली की तिची मान जरा ताठच व्हायची. नवरा चारचौघांत म्हणायचा, “हिच्या एका शब्दावर अख्खी गल्ली घर सोडते. त्यात काय मोठंसं, मी तर रोजच सोडतो!”

गेल्या महिन्यात मात्र भलतंच घडलं. भरदुपारी सगळ्यांच्या फोनवर तिचा आवाज आला. तोच ठसका, वाक्याच्या शेवटी घ्यायची तीच उसंत. धरण फुटलंय, पळा! लोक जिवाच्या आकांताने पळाले. त्या रेटारेटीत लॉन्ड्रीवाल्याची म्हातारी आई पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. धरणाला काहीच झालं नव्हतं. कुणा टवाळांनी तिच्या जुन्या घोषणेचा एक तुकडा मशीनला ऐकवला होता आणि मशीनने तिच्या तोंडी हवं ते घातलं होतं. पोलिसांनी तसं जाहीरही केलं.

ती म्हातारीला भेटायला गेली, तेव्हा लॉन्ड्रीवाला दारातच उभा राहिला. “तुमचा दोष नाही ताई, कळतं मला. पण आवाज तर तुमचाच होता ना?”

ती तशीच माघारी फिरली होती.

आता तिने माईक साहेबांपुढे सरकवला आणि चपला पायात अडकवल्या.

“अहो, निघालात कुठे?”

“खाली.”

“वेड लागलंय का? पाणी येऊन थडकेल आता!”

“म्हणूनच जाते. माईकवर कोण ऐकतंय साहेब? त्या आवाजाची पत गेली. आता मलाच जायला हवं.”

उतारावर चप्पल तुटली. ती तिथेच टाकून ती अनवाणी पळत सुटली. गल्लीत शिरली तेव्हा लॉन्ड्रीवाल्याच्या हातात ओली चादर होती.

“निघ आधी! आईला उचल!”

“ताई, आत्ता भोंग्यावर जे झालं ते पण मशीनचंच असणार. आम्ही काय परत फसायचं?”

तिला श्वास पुरत नव्हता. तिने त्याचं मनगट घट्ट धरलं. छाती भात्यासारखी हलत होती, कपाळावरचा घाम त्याच्या हातावर टपकत होता.

“मशीनला धाप लागते का रे?”

चादर तिथेच टाकून तो आत धावला आणि आईला पाठीवर घेऊन बाहेर आला. “अरे, भोंगाताई स्वतः आल्यात! निघा, निघा!”

तिने एक दार सोडलं नाही. नदीचा घोंघावणारा आवाज वाढत गेला तसा ती त्याच्या वरताण ओरडत गेली. शेवटच्या घराशी पोचेपर्यंत तिच्या गळ्यातून नुसती खरखर निघत होती. उरलेलं काम मुठीने केलं.

पाणी आलं ते खिडक्यांपर्यंत. पण तेव्हा गल्लीतला माणूस न् माणूस शाळेच्या व्हरांड्यात होता. लॉन्ड्रीवाल्याच्या आईने तिला जवळ ओढलं. “बोल की गं काहीतरी.” तिने तोंड उघडलं. नुसती हवा आली.

“यापुढे कुजबुज तेवढी जमेल,” डॉक्टर म्हणाले. “आवाज परत यायचा नाही.”

पाणी ओसरल्यावर साहेब घरी आले. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, “तुमच्या जुन्या घोषणा आपल्याकडे आहेत. त्यांवरून मशीन हुबेहूब तुमचा आवाज काढेल. अगदी अधिकृत, कुठे गडबड नाही. लोकांना पुन्हा तुम्हीच ऐकू याल. फक्त हो म्हणा.”

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं.

तिने साहेबांना जवळ यायची खूण केली. “तो आवाज बोलेल तेव्हा मी कुठे असेन?”

“घरी. आरामात.”

“मग नको.”

“ताई, जरा विचार करा.”

“केला.” थोडा दम घेऊन ती पुढे कुजबुजली, “प्रत्येक गल्लीतली दोन-चार माणसं निवडा. ओळखीची. त्यांनी दारं वाजवायची. कसं सांगायचं ते मी शिकवते.”

जाताना साहेबांनी वाकून तिला नमस्कार केला. असं त्यांनी यापूर्वी कधी केलं नव्हतं.

त्या आठवड्यात ती गल्लीत सुताराकडे गेली. पुराने सगळ्यांचीच दारं फुगली होती. त्याची विजेची करवत कर्कश ओरडत होती, पलीकडे कुणी पत्रा ठोकत होतं, कुणाचा रेडिओ लागला होता. तिने काहीतरी विचारलं. सुताराला फक्त ओठ हललेले दिसले. त्याने करवत बंद केली. ते पाहून पत्रा ठोकणारा थांबला. मग रेडिओही बंद झाला.

“बोला ताई,” सुतार म्हणाला आणि कान पुढे करून उभा राहिला.